एका गुणाचे अंतर

‘गुण’ हा आपल्या भाषेतला मोठा लबाड शब्द आहे. सुनेच्या अंगी असतात ते गुण, वैद्याच्या पुडीचा येतो तो गुण, लग्नाच्या पत्रिकेत छत्तिसांपैकी जुळतात ते गुण, आणि मास्तर लाल शाईने मांडतात तेही गुणच. इंग्रजांनी या कामासाठी दोन निरनिराळे शब्द ठेवले आहेत. उत्तरपत्रिकेवरची खूण वेगळी आणि माणसाच्या ठायी असलेला सद्गुण वेगळा. आपण दोन्ही एकाच हंडीत शिजवले. त्यामुळे मुलाला बारावीला गुण कमी पडले, की घरातली माणसे त्याच्याकडे अशा नजरेने पाहू लागतात, जणू त्याच्या स्वभावातच काही खोट निघाली आहे. परीक्षेत गुण कमी आणि मुलगा मात्र गुणाचा, ही गोष्ट मराठीत बोलायलासुद्धा अवघड जाते!

बीड जिल्ह्यात तेहतीस वर्षे गणित शिकवून मी निवृत्त झालो, त्याला आता बारा वर्षे होतील. राहतो अंबाजोगाईला. एवढ्या काळात हजारो मुलांना मी गुण वाटले असतील. भाजीत काय काय पडले आहे हे पंगतीपेक्षा आचाऱ्याला अधिक ठाऊक असते. तसे गुण कसे तयार होतात हे मला ठाऊक आहे. बारावीच्या विज्ञान शाखेत भौतिक आणि रसायन या विषयांना शंभरांपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ते तीस गुण म्हणजे बव्हंशी देवळातला प्रसाद. ज्याची प्रयोगवही वेळेवर आली, ज्याने सर दिसताच नमस्कार केला, त्याला अठ्ठावीस. ज्याची वही आलीच नाही, त्याला बारा. आणि लेखी परीक्षेचे म्हणाल, तर आमच्याकडे भिंतींना कान नसतात, हात असतात. नांदेड जिल्ह्यात २०१० साली जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम धरली, तेव्हा निकाल असा खाली आला की, इतकी वर्षे मुलांचा म्हणून मिरवणाऱ्या आकड्यात खिडकीचा वाटा किती होता हे लोकांना उघड दिसले. अशा मुलखात एखाद्या केंद्रावर मान खाली घालून ज्याने स्वतःच्याच अकलेने पेपर लिहिला, त्याला शेजाऱ्यापेक्षा कमी गुण पडलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. आता सांगा, त्याचे गुण कमी की अधिक?

हे सारे पुन्हा मनात घोळू लागले ते गेल्या जून महिन्यात. निवृत्त मास्तराच्या ओसरीवर जूनमध्ये गर्दी असते. प्रवेशाचा अर्ज आता संगणकावर भरायचा, कॉलेजांचा पसंतिक्रम लावायचा. बापाला ते जमत नाही आणि पोराला धीर नसतो, म्हणून दोघेही माझ्याकडे येतात. इंजिनिअरिंगचा प्रवेश आपल्या राज्यात सीईटीवर होतो. दोनशे गुणांचा, तीन तासांचा पेपर. चार पर्यायांतल्या एकावर बोट ठेवायचे. चुकले तर गुण कापत नाहीत. निकाल टक्क्यांत न येता परसेंटाईलमध्ये येतो, म्हणजे शंभरांतले किती जण तुमच्या मागे राहिले त्याचा हिशेब. (आमच्या गल्लीत त्यालाच ‘पंच्याण्णव टक्के पडले’ म्हणून पेढे वाटतात. मी गणिताचा मास्तर खरा, पण पेढा तोंडात असताना ही चूक दुरुस्त करण्याइतका निष्ठुर नाही.) बारावीचे गुण तिथे उंबऱ्यापुरते: खुल्या वर्गाला ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४०. उंबरा ओलांडला की बारावीला सहसा कोणी विचारीत नाही.

एकाच दिवशी माझ्यापुढे दोन गुणपत्रिका आल्या. सकाळी आली ती माझ्या पुतण्याच्या मुलाची. सहाशेपैकी तीनशे पन्नास. सीईटीला पंच्याण्णवच्या वर परसेंटाईल. दुपारी आली ती धारूरकडच्या डोंगरातल्या एका वाडीवरच्या मुलीची. सहाशेपैकी तीनशे एकोणपन्नास. सीईटीला तेही पंच्याण्णवच्या वर, दशांशात थोडे खाली. दोन कागद मी शेजारी शेजारी ठेवले. यंत्राच्या दृष्टीने ही जुळी भावंडेच.

पुतण्या मोठ्या समाधानाने सांगत होता, “काका, बोर्डाकडे आम्ही मुद्दामच लक्ष दिलं नाही. पंचेचाळीस टक्के झाले की बास. उगाच मराठीचे धडे कशाला पाठ करायचे?” मुलाचे नाव तालुक्यातल्या एका कॉलेजच्या हजेरीपटावर होते आणि देह दोन वर्षे लातूरच्या शिकवणीत. फीसाठी रस्त्याकडेचे दोन एकर विकले. मुलगा मात्र चांगला. दोन वर्षांत त्याने घरी एकही दिवाळी पाहिली नव्हती. पहाटे पाचला उठून रात्री अकरापर्यंत बाकावर बसत होता. आळशी म्हणून त्याला कमी गुण पडले असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल. त्याने कष्ट केले होते. फक्त ज्याचा भाव आहे तेवढेच पीक काढायचे ठरवले होते. ज्या कॉलेजात त्याचे नाव होते, तिथला रसायनाचा मास्तर रिकाम्या बाकांपुढे उभा राहत असेल, ही टोचणी माझी. त्याला ती असण्याचे कारण नव्हते.

मुलगी आजीबरोबर आली होती. तिच्या बापाला मी एक वर्ष शिकवले होते. पुढे तो कोयता घेऊन गेला तो गेलाच. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जी लाखो माणसे निघतात, ती मार्च-एप्रिलला, कारखान्याचा पट्टा पडला की परततात. मुकादमाकडून उचल घ्यायची ती जोडप्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. गेल्या हंगामात कृष्णाकाठच्या एका फडावर तिच्या आईचा हात मोडला. उचल तर पूर्ण कोयत्याची खाऊन झालेली. बारावीतली पोर नोव्हेंबरात गेली आणि आईच्या जागी मोळ्या बांधायला उभी राहिली. जानेवारीच्या शेवटी प्रात्यक्षिकासाठी परत आली, तेव्हा प्रयोगवहीची पाने कोरी होती. भौतिकात तीसपैकी तेरा, रसायनात चौदा. भाषांच्या पेपरांत तर जे आठवले ते लिहिले. पण कोपीत रात्री बापाच्या मोबाइलवर गणिताचे पाठ पाहण्याचा नेम तिने मोडला नव्हता, आणि बोर्डाचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळपासून सीईटीपर्यंत ती आजीच्या घरातल्या कणगीआड बसून होती. आजी म्हणाली, “गुरुजी, पोरगी दीड महिना मला सावलीवानी दिसली.”

म्हणजे एकाने शाळा सोडली होती आणि एकीची शाळा सुटली होती. कागदावर अंतर काय, तर एका गुणाचे, तेही त्याच्या बाजूने!

मी रागावलो. निवृत्त माणसाचा राग तसा निरुपद्रवी असतो, परंतु झोप घालवतो. रात्रभर मी मनातल्या मनात प्रवेशाचे नवे नियम करीत होतो. शाळेच्या गुणांना काही वजन द्यावे, तर मुलगा लातूरला बसून बोर्डाला हसणार नाही. पण मग मुलीचे तेरा आणि चौदा तिच्या गळ्यात धोंड्यासारखे येतील. सगळे वजन एका दिवसाच्या परीक्षेला द्यावे, तर दोन एकर विकणाऱ्याची सोय होते. दिल्लीकरांनीही या कोड्याशी झटापट करून पाहिली आहे. २०१३ ते २०१६ ही चार वर्षे जेईई मेनच्या यादीत बोर्डाच्या गुणांना चाळीस टक्के वजन होते. पण देशात बोर्डे तऱ्हेतऱ्हेची. एकाचा हात सैल, दुसऱ्याची मूठ घट्ट. त्यांचे गुण एका तराजूत घालायचे, तर आधी हातांची मापे घ्यायला हवीत. २०१७ पासून ते वजन गेले आणि उंबरा तेवढा राहिला: बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५, नाही तर आपल्या बोर्डातल्या वरच्या वीस परसेंटाईलमध्ये नाव. साथीच्या दिवसांत, २०२० ते २०२२, तोही उचलून बाजूला ठेवला होता. २०२३ साली पुन्हा बसवला. साऱ्या देशाची परीक्षा उत्तम तऱ्हेने पार पाडलेला मुलगा चौऱ्याहत्तर टक्क्यांवर अडखळला, म्हणजे पुन्हा बारावीच्या बाकावर जाऊन बसतो. याला शाळेचा मान राखणे म्हणावे की शाळेने उगवलेला सूड म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

साथीचे नाव निघाले म्हणून सांगतो. २०२१ साली दहावीची परीक्षाच झाली नाही. गुण देण्याचे काम माझ्या व्यवसायबंधूंवर सोपवले, आणि राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. आम्ही मास्तर मंडळी मनाने किती दयाळू आहोत हे त्या वर्षी जगाला कळले. मग अकरावीसाठी स्वतंत्र सीईटी घ्यावी असे सरकारने ठरवले, तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये रद्द केला. मास्तरांवर विश्वास नाही आणि परीक्षेवरही नाही, अशा कात्रीत आपण किती दिवस आहोत पाहा.

दूरच्या देशात तरी काही उजेड सापडतो का म्हणून पाहावे, तर तिथेही दोन दिवे दोन दिशांना. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या नामांकित संस्थेने साथीच्या काळात सॅट परीक्षेची अट काढली होती. २०२२ च्या मार्चमध्ये ती पुन्हा आणली, आणि कारण मोठे विचार करण्यासारखे दिले. ज्या मुलांच्या शाळांत वरच्या वर्गाचे गणित शिकवण्याची सोयच नाही, त्यांना आपली तयारी दाखवायला ही परीक्षा उपयोगी पडते असे त्यांचे म्हणणे. वाचताना मला कणगीआड बसलेली पोर आठवली. पण आपल्याच तमिळनाडूत २०१७ साली एका हमालाच्या मुलीला बारावीला १२०० पैकी ११७६ गुण होते आणि नीट परीक्षेने तिला वैद्यकीयचे दार उघडले नाही. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. पुढची हकिकत सणाच्या अंकात सांगण्यासारखी नाही. बारा वर्षे शाळेने जे मोजले ते तीन तासांनी पुसले, असे तिच्या बाजूने कोणी म्हणाले तर मी काय उत्तर देऊ? एका गरीब मुलीला जे दार, ते दुसरीला भिंत.

तेव्हा पहाटेच्या सुमारास माझ्या मनाने नेहमीचा तोडगा काढला: आकडे बाजूला ठेवा, माणसाला विचारा. कमी गुण आणि मोठा सीईटी यांच्या मध्ये जे अंतर आहे तेच खरे पुस्तक. ते वाचणारा कोणी जाणता गृहस्थ तिथे बसवा. तो पाच मिनिटांत ओळखील, हे अंतर ऐपतीने पडले की अडचणीने. आणि वाचकहो, असा जाणता गृहस्थ म्हणून माझ्या डोळ्यांपुढे कोण उभे राहिले असेल ते सांगायला नको.

त्याच क्षणी एक जुनी गोष्ट आठवली आणि मी अंथरुणातून उठून बसलो.

पस्तीस वर्षांपूर्वी एका कॉलेजात काही जागा मुलाखतीवर भरायच्या होत्या. कॉलेजाचे नाव सांगत नाही. दोष त्याचा नव्हता, माझाच होता. तिघांच्या समितीत मी होतो आणि बाकीच्या दोघांनी निर्णय माझ्यावर सोडला होता. शेवटच्या एका जागेसाठी दोन मुले राहिली. दोघांचेही बोर्डाचे गुण बेताचे, दोघांनीही आमची छोटी लेखी परीक्षा उत्तम दिलेली. पहिल्याला मी विचारले, “गुण कमी का पडले?” त्याने सांगितले. वडील आंधळे, घरात खाणारी सात माणसे, रोज तीन कोस चालत शाळा. मधूनच थांबला, आवंढा गिळला. आम्हा तिघांच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्याला तोच प्रश्न केला. तो खाली पाहत म्हणाला, “अभ्यास कमी झाला.” वडील काय करतात? “काम करतात.” कसले? “मिळंल ते.” एवढ्यावर त्याचे बोलणे संपले. मला तो घुम्या वाटला, थोडा उद्धटही. जागा मी पहिल्याला दिली.

वर्षभराने एका लग्नात पहिल्याचे वडील भेटले. दृष्टी इतकी चांगली, की मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून त्यांनी मला ओळखले. दोन विहिरींचे बागायतदार. दुसऱ्याचे बिऱ्हाड वीटभट्टीवर होते असे नंतर कोणी तरी बोलता बोलता सांगितले. तो मुलगा पुढे कुठे गेला याची चौकशी मी कधी केली नाही. वेळ मिळाला नाही असे मी स्वतःला सांगत आलो. पस्तीस वर्षांत वेळ मिळाला नाही!

दुःख सांगता येणे ही एक विद्या आहे. ज्याच्या घरी बोलणे चालते, ज्याला आपल्या बोलण्याने काही घडते असा अनुभव आहे, त्याला ती येते. खाली पाहणाऱ्याला येत नाही. अमेरिकेत म्हणे प्रवेशअर्जासोबत स्वतःविषयी निबंध जोडावा लागतो, आणि तो कसा लिहावा याच्या शिकवण्या चालतात. उद्या आपल्याकडे अर्जात ‘आपल्या अडचणी लिहा’ असा रकाना आला, तर लातूरला त्याची वेगळी तुकडी निघायला आठ दिवस लागणार नाहीत, आणि फी भरणारा कोण असेल हेही मला ठाऊक आहे.

एवढे सगळे कळत असूनही सवय जात नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी पसंतिक्रम पक्का करायला आली तेव्हा मी म्हणालो, “बाळ, तुझी परिस्थिती मी सविस्तर लिहून देतो. अर्जाला जोड.”

“सर, अर्जात तसला रकाना नाही.”

“नसू दे. मी चिठ्ठी देतो.”

“कुणाला?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. यादी लावणारे यंत्र. त्याला चिठ्ठी कुठून पोचणार? मी गप्प बसलेला पाहून तीच म्हणाली, “रकाना नाही तेच बरं आहे, सर. मुकादमापुढं सांगा, वसतिगृहात सांगा, शिष्यवृत्तीला सांगा. आम्ही कोणाचे कोण, आईच्या हाताला काय झालं, सगळीकडं तेच. त्या कॉम्प्युटरनं काहीसुद्धा विचारलं नाही. नुसतं गणित विचारलं.”

शेवटचे वाक्य ती ज्या तऱ्हेने बोलली, ते मला लिहून दाखवता येणार नाही. रात्रभर ज्या आंधळेपणावर मी चिडलो होतो, तो तिला सावलीसारखा वाटत होता. तिथे तीन तास तिला कोणी ऊसतोड्याची पोर म्हणून पाहिले नव्हते. कीव केली नव्हती की संशय घेतला नव्हता. मी मात्र तिची कीव तिच्या कागदाला टाचणीने लावायला निघालो होतो.

तरीही मास्तराची जात. हार लवकर मानत नाही. मी विचारले, “आणि बारावीला उंबऱ्याखाली पडले असतेस तर? प्रात्यक्षिकाच्या गुणांनी बुडवले असते तर?”

ती हसली. म्हणाली, “मग घेतली असती तुमची चिठ्ठी.”

आजीला यातले काही कळले नाही; नात हसली म्हणून तीही हसली. मला ते उत्तर अजून पुरते पचलेले नाही. यंत्राने काही विचारू नये हे तिचे म्हणणे खरे, आणि उंबऱ्यापाशी अडखळलेल्याला विचारणारा कोणी तरी हवा हेही खरेच. पण तिथे बसवायचा तो कोण? माझ्यासारखा बसवाल, तर तो बागायतदाराच्या मुलाची कहाणी ऐकून डोळे पुसणार.

पुढे दोघांनाही प्रवेश मिळाले. मुलगा पुण्याच्या एका खासगी कॉलेजात गेला. मुलगी एका सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेला गेली. संगणकाची शाखा दोन-तीन परसेंटाईलने हुकली, त्याचे तिला फारसे दुःख दिसले नाही. पूल बांधायचे आहेत म्हणाली. त्यांच्या वाडीच्या वाटेवरचा ओढा पावसाळ्यात गाव तोडतो, हे मला बापाच्या वेळेपासून ठाऊक आहे.

परवा दसऱ्याला दोघेही सुट्टीवर आले होते. योगायोगाने सोने द्यायला एकाच वेळी माझ्या ओसरीवर आले. तिच्या वाडीतल्या टोळ्या निघण्याच्या तयारीत होत्या. आईचा हात बरा आहे, यंदा पुन्हा पूर्ण कोयत्याची उचल घेतली आहे, असे तिने मला पहिल्यांदा सांगितले. मग मुले आपसात बोलू लागली. वसतिगृहातली भाजी, मास्तरांच्या नकला, पहिल्या सत्राची परीक्षा. पुतण्याच्या मुलाला ती चटकन आवडली असावी; तो जरा फुशारकीने बोलत होता.

“बारावीला मी अभ्यासच केला नाही,” तो म्हणाला. “तीनशे पन्नास. तुला किती होते?”

“तीनशे एकोणपन्नास.”

“म्हणजे तूपण माझ्यासारखीच! एका गुणानं हरलीस की.”

तो मनापासून हसला. त्याच्या हसण्यात काही वावगे नव्हते. मी बोलायला तोंड उघडले होते. इतक्यात तिने माझ्याकडे एकदा पाहिले. मी चहाचे सांगायला आत गेलो.